पोलिसांच्या हाती बाईचा पदर

फ्रान्सने २०१० मध्ये सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यावर बंदी आणली. दंड १५० युरोपर्यंत. आपल्याकडेही बुरखाबंदीचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. मंडळी, त्याआधी जरा इराणचा इतिहास बघा.

८ जानेवारी १९३६. रझाशाह पहलवीने बायकांच्या पडद्यावर बंदी घातली. बुरखाच काय, डोक्यावरचा रुमालही चालेना. पोलीस भररस्त्यात ओढून काढायचे. सांगितलं होतं, देश आधुनिक करायचाय. झालं काय? कित्येक बायकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. काहींनी मुलींची शाळा बंद केली. १९४१ मध्ये शाहची गादी गेली आणि बंदीही ढिली पडली.

पुढे १९७९ ची क्रांती. खोमेनींनी हिजाबचा हुकूम काढताच ८ मार्चला तेहरानच्या हजारो बायका विरोधात रस्त्यावर उतरल्या. तरी १९८३ मध्ये सक्तीचा कायदा झालाच. शिक्षा ७४ फटक्यांपर्यंत. २०२२ मध्ये याच सक्तीपायी पकडलेली २२ वर्षांची महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना गेली.

म्हणजे आजीचा पडदा पोलिसांनी ओढला आणि नातीच्या डोक्यावर तो पोलिसांनीच बसवला. दोन्ही वेळा बाईला कुणी विचारलंच नाही.

घरातला कुणी जबरदस्तीने बुरखा घालायला लावत असेल, तर त्याला जरूर धरा. फ्रान्सच्या कायद्यातही त्यासाठी वर्षभर कैद आणि ३०,००० युरो दंड आहे. पण बाईने काय घालावं हे ठरवायला पोलीस कशाला हवेत?