गिलाव्यावरून घराचं वय

जुन्या घराची दुरुस्ती निघाली की भिंतीचा एक पोपडा हातात घेऊन घराचं वय सांगून टाकायची सवय सगळीकडे आहे. माती निघाली तर फार जुनं, चुना निघाला तर वाड्यांच्या काळातलं, सिमेंट निघालं तर अलीकडचं. शिंदखेड्यासारख्या खानदेशी गावात यातलं फक्त शेवटचं अनुमान टिकतं, तेही अर्धंच. इथल्या धाब्याच्या घरांच्या भिंती भेंड्यांच्या, म्हणजे मातीच्या कच्च्या विटांच्या, किंवा पांढऱ्या मातीच्या, आणि त्यांवर भुसा व शेण घालून कुजवलेल्या मातीचा लेप. ही रीत चुन्याआधीची असली तरी चुन्याने ती मोडली नाही, सिमेंट आल्यावरही ती चालूच राहिली. चुना मुळात खर्चाचं काम होतं. चुनखडी भट्टीत भाजायची, विरवायची, मग बैलाच्या घाण्यात वाळू किंवा सुरखीबरोबर मळायची, म्हणजे सरपण, बैल, मजुरी सगळंच आलं. ज्याला जेवढं परवडलं तेवढा चुना त्याने दर्शनी भिंतीला आणि न्हाणीला लावला, मागच्या खोल्या मातीवर सोडल्या. एकाच घरात, एकाच वर्षी दोन गिलावे होऊ शकत. तेव्हा गिलाव्यावरून कळते ती मालकाची ऐपत आणि खोलीचा मान, काळ नव्हे.

यावर कोणी म्हणेल, निदान कोणता गिलावा कोणता हे तरी लिंबाच्या रसाने ठरतं, फेस आला की चुना. इथे तेही फसतं. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतात, जुन्या गावठाणाच्या पांढऱ्या मातीत चुलींची राख मिसळलेली असते, त्यामुळे मातीचा गिलावाही फसफसतो. जुनं सिमेंटही फसफसतं. पाणी जास्त भरवशाचं. वाटीभर पाण्यात तुकडा टाकला की माती थोड्या वेळात विरघळून गाळ होते आणि भुशाची काडी वर तरंगते. चुन्याचा तुकडा शाबूत राहतो. मोडला तर आत नीट न मिसळलेल्या चुन्याचे पांढरे कण दिसतात, आणि खिळ्याने तो ओरखडला जातो. चांगल्या सिमेंटवर खिळा नुसता घसरतो.

थरांचा क्रम तरी काळ सांगेल, हा आक्षेप वजनदार आहे. पण नवा गिलावा धरावा म्हणून जुना खरवडून काढतात, त्यामुळे सर्वांत खालचा थर पुष्कळदा शेवटच्या खरवडणीनंतरचा असतो. म्हणून पाहायचं ते देवळीच्या आत, चौकटीमागे, माळ्यावर, जिथे थापी सहसा पोचत नाही. सिमेंटचं तेवढं बरं, त्याला अलीकडची हद्द आहे: असा माल इथवर आणणारी सुरत-जळगाव रेल्वे 1900 च्या सुमारास झाली, पोरबंदरचा सिमेंटचा कारखाना 1914 मध्ये सुरू झाला, आडवळणाच्या गावातल्या घरात सिमेंट त्याच्या बरंच नंतर. मात्र ती तारीख त्या थराची, भिंतीची नव्हे. भिंत मातीची असेल तर सिमेंटमागे ओल कोंडते, पांढऱ्या मातीतला खार वर येतो आणि लोणा लागून आतलं भेंडं भुसभुशीत होतं. म्हणून अशा भिंतीवर सिमेंट निघालं, तर आधी ठोकून पाहावं. आवाज पोकळ आला तर तो थर काढायचा आणि पुन्हा मातीच लावायची.