साडेआठ महिने

माझे यजमान जाऊन आता चौदा महिने झाले. भेटायला येणारी माणसं "काळ हेच औषध" म्हणतात, मी मान डोलावते आणि चहा ठेवायला उठते. चहा केला की बोलावं लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात शाळेतली जुनी मैत्रीण आली. ती ख्रिस्ती. तिने काहीच सांत्वन केलं नाही. पिशवीतून पंडिता रमाबाईंची 'माझी साक्ष' काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "वाच. पटलं नाही तर परत दे."

मला जरा हसूच आलं. रमाबाई मी तीस वर्षं शिकवल्या होत्या! शारदा सदन १८८९, मग केडगावचं मुक्ती सदन, विधवांसाठी कार्य. तीन ओळी, दोन गुण. पण त्यांच्या घरातले मृत्यू मी कधी एका ओळीत मांडून पाहिलेच नव्हते. त्या रात्री वहीत मांडले.

१८७० च्या दशकातल्या दुष्काळात आधी वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, मग आई, मग बहीण. आईला न्यायला चौघे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथ्या रमाबाई. उंची कमी, म्हणून तिरडीचं टोक खांद्याऐवजी डोक्यावर घेतलं. स्मशान तीन मैलांवर. १८८० मध्ये तो भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं. संसार दोन वर्षंही टिकला नाही. ४ फेब्रुवारी १८८२ ला कॉलऱ्याने ते गेले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या, पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा.

मला वाटायचं, एवढं दुःख झालं, मग धर्मांतर केलं, मग शांती मिळाली. पाठ्यपुस्तकासारखा सरळ हिशेब. पण तसं झालेलं नाही. लूकचं शुभवर्तमान त्यांना नवऱ्याच्याच पुस्तकांत सापडलं होतं, तेही बंगालीत. बाप्तिस्मा १८८३ मध्ये, इंग्लंडमध्ये. आणि त्यानंतरही सुमारे आठ वर्षं मन रितंच राहिलं, हे त्या स्वतः सांगतात. धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. आठ वर्षं! मला तर चौदा महिन्यांतच लोक विचारतात, "आता बरं वाटतंय ना?"

पण मी अडकले ती दुसऱ्याच जागी. अनंतशास्त्र्यांची दृष्टी गेलेली, शेवट जवळ आलेला. धाकट्या मुलीला जवळ घेऊन ते सांगतात, तुला मी देवाच्या हाती दिलं आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर. हा पुराणिक ब्राह्मण, ख्रिस्ताचं नावही त्याच्या ओठी नाही. रमाबाई पुढे ख्रिस्ती झाल्या, तेव्हा बापाचे हे शब्द त्यांनी टाकून दिले नाहीत. बापाला जो देव माहीत नव्हता त्यानेच ती प्रार्थना ऐकली, असं त्यांनी मानलं. म्हणजे नव्या श्रद्धेने जुनी माणसं परकी केली नाहीत. ज्या शास्त्रांनी बाईला मोक्ष नाही असं त्यांना शिकवलं, त्यांच्यावर त्या रागावल्या, बापावर नाही.

आणि १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुलींना केडगावला आणलं, ते मी "समाजकार्य" या शीर्षकाखाली शिकवत आले. ती भूक त्यांच्या ओळखीची होती हे वर्गात सांगायचं मला एकदाही सुचलं नाही. असो.

शेवटचा आघात २४ जुलै १९२१ चा. आईच्या हाताखाली संस्थेचं काम सांभाळणारी मनोरमा गेली. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर त्या कित्येक वर्षं करत होत्या, कमी शिकलेल्या बाईलाही कळावं अशा भाषेत. ते काम त्यांनी तेव्हाही सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मुद्रितं पुरी करायला त्यांनी देवाकडे दहा दिवस मागून घेतले, अशी गोष्ट सांगतात. इतिहासाच्या मास्तरणीने अशा गोष्टींवर पटकन विश्वास ठेवू नये. पण लेकीनंतरचे ते साडेआठ महिने खरे आहेत, आणि १९२४ मध्ये छापून निघालेलं ते बायबलही खरं आहे.

मी काही ख्रिस्ती होणार नाही; देवघरातला विठोबा आहे तिथेच आहे. यजमानांचं माझ्याशी शेवटचं वाक्य "गिझर बंद केलास का?" हे होतं. अनंतशास्त्र्यांसारखं काही मोठं बोलून गेले नाहीत, याचा मला वर्षभर रागच होता. हल्ली सकाळी गिझर बंद करताना मी "केला हो" असं मोठ्याने म्हणते. सुनेने परवा ऐकलं, काही बोलली नाही.

पुस्तक अजून परत दिलेलं नाही. मैत्रिणीनेही मागितलेलं नाही.