गामा–झिबिस्को कुस्त्यांचीं साधनें व त्यांची चिकित्सा

१. कुस्तीचा निकाल लोकांच्या ध्यानांत राहतो. कुस्ती राहत नाहीं. कोणीं कोणास चीत केलें हें तालमींतलें लहान पोरही सांगेल. परंतु पहिली पकड कोणाची, खालीं कोण किती वेळ होता, पंचांनीं कुस्ती कोणत्या कारणानें सोडविली, हें विचारूं गेल्यास चार माणसें चार तऱ्हेनें सांगतात. लढायांच्या बाबतींत ही अडचण आमच्या वाचकांस नवी नाहीं. जय कोणाचा झाला एवढें बखर सांगते. तो कसा व कोणत्या अटींवर झाला हें समकालीन कागद हातीं आल्यावांचून उमगत नाहीं. बखरींस ज्या कसोट्या आपण लावितों त्याच कुस्तीच्या वृत्तांतास लावून पाहाव्या, या हेतूनें गामा व झिबिस्को यांच्या १९१० व १९२८ या सालांतील दोन भेटी प्रस्तुत लेखांत विचारास घेतल्या आहेत.

२. मल्लविद्येचें वाङ्मय आपल्या देशांत थोडें नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील मानसोल्लास ग्रंथांत मल्लविनोदाचें प्रकरण असून मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार व मेहनत यांची चर्चा त्यांत आहे. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचें मल्लपुराण हस्तलिखितांवरून संपादित होऊन बडोद्यास १९६४ सालीं छापून निघालें. परंतु हे ग्रंथ शास्त्र सांगतात. मल्ल कसा असावा, त्यानें काय खावें, अंग कसें घडवावें हें त्यांत आहे. अमुक दिवशीं अमुक दोघे लढले व असें असें झालें, हें सांगणें त्यांचें कार्य नव्हे. डाव शास्त्रांत नोंदले गेले, निकाल लोकांच्या तोंडीं राहिले, आणि मधली प्रत्यक्ष कुस्ती मात्र बहुधा हरवली. गामाची लंडनची कुस्ती या नियमास अपवाद होय. ती तिकीट लावून, ठरलेल्या दिवशीं, वृत्तपत्रांच्या डोळ्यांदेखत झाली. म्हणून तिची छाननी करणें शक्य आहे.

३. गामाचें मूळ नांव गुलाम महंमद. जन्माचें साल कोठें १८७८ तर कोठें १८८० दिलेलें आढळतें. दतियाच्या दरबाराच्या आश्रयानें तो पुढें आला. १९१० सालीं शरत्कुमार मित्र या बंगाली धनिकानें त्यास, त्याचा भाऊ इमाम बक्ष यास व आणखी कांहीं मल्लांस विलायतेस नेलें. ज्या वर्षींच्या जुलै महिन्यांत पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, त्याच वर्षींचा हा हंगाम. ८ ऑगस्ट रोजीं अल्हांब्रा नाट्यगृहांत डॉक्टर रोलर या अमेरिकन मल्लाशीं गामाची गांठ पडली. त्यानें रोलरास पहिल्या वेळीं १ मिनिट ४० सेकंदांत व दुसऱ्या वेळीं ९ मिनिटें १० सेकंदांत चीत केलें. या विजयामुळें पोलंडचा झिबिस्को याच्याशीं जोड ठरली. तो त्या वेळीं ऐन तिशींत असून युरोपांतील अग्रगण्य मल्लांत गणला जात होता, आणि वजनानें गामाहून बराच भारी होता.

१० सप्टेंबर रोजीं शेफर्ड्स बुश येथील क्रीडांगणावर ही कुस्ती लागली. पहिल्या मिनिटाच्या आंतच गामानें झिबिस्कोस खालीं घेतलें. पुढें सुमारें अडीच तास झिबिस्को सतरंजीस चिकटून राहिला. मधून मधून तो उठे व पुन्हा खालींच जाई. खांदे टेकूं द्यावयाचे नाहींत एवढाच त्याचा बेत दिसला. प्रेक्षक चिडले. अखेर निकाल न लागतां कुस्ती सोडविण्यांत आली व १७ सप्टेंबर हा पुढील दिवस नेमला गेला. त्या दिवशीं गामा आला. झिबिस्को आला नाहीं. तेव्हां अडीचशें पौंडांचें बक्षीस व जॉन बुल नांवाचा मानाचा पट्टा गामास देण्यांत आला.

४. आतां आपल्याकडील प्रचलित कथा पाहा. गामानें विलायतेंत झिबिस्कोस आस्मान दाखविलें व तो जगज्जेता झाला, असें सर्रास सांगितलें जातें. वरील घटनाक्रमाशीं ही कथा ताडून पाहिली असतां ती कशी बनली हें सहज कळतें. १७ तारखेची गैरहजेरी गळाली. पट्टा मिळाला या वाक्याचें चीत केलें असें वाक्य झालें. आणि पुढें १९२८ सालीं पतियाळ्यास जें खरोखर घडलें तें उचलून लंडनांत नेऊन ठेविलें गेलें. दोन पोथ्यांचीं पानें एका बासनांत मिसळावीं तसाच हा प्रकार आहे. जगज्जेतेपदाविषयींही सावधपणें बोललें पाहिजे. ३ एप्रिल १९०८ रोजीं शिकागो येथें हॅकेनश्मिटास हरवून अमेरिकेच्या फ्रँक गॉचनें तें पद मिळविलें होतें. त्या दोघांपैकीं एकाशींही गामाची कुस्ती झाली नाहीं.

ही दुरुस्ती केल्यानें गामास उणेपणा येतो असें ज्यांस वाटेल, त्यांनीं निकालाचा शब्द क्षणभर बाजूस ठेवून त्या अडीच तासांकडे पाहावें. कागदोपत्रीं ती कुस्ती बरोबरींत सुटली. परंतु जो मल्ल वजनानें भारी, वयानें ऐन भरांत व कीर्तीनें मोठा, त्यानें उभें राहून लढण्यापेक्षां सारा वेळ पालथें पडून राहणें पत्करलें, त्यानें आपला अभिप्राय पंचांच्या आधींच देऊन ठेविला होता. दुसऱ्या बाजूचेंही श्रेय नाकारतां येत नाहीं. खालच्या गड्यावर चालणारे घिस्सा, मोळी, सवारी यांसारखे डाव आपल्या विद्येंत भरपूर आहेत. तरीही इतक्या अवधींत झिबिस्कोचे खांदे टेकले नाहींत. त्याचा बचाव भ्याड म्हणावा, पण कच्चा म्हणतां येणार नाहीं.

५. दुसरी भेट जानेवारी १९२८ मध्यें पतियाळ्यास महाराजा भूपिंदरसिंग यांच्या आश्रयाखालीं झाली. या वेळीं सतरंजी नव्हती, मातीचा आखाडा होता. गामानें झिबिस्कोस एका मिनिटाच्या आंत चीत केलें, याविषयीं वाद नाहीं. सेकंदांचा आंकडा मात्र सर्वत्र सारखा नाहीं. ४२ सेकंद हा फार प्रचलित आहे, पण त्याहून वेगळे आंकडेही छापलेले दिसतात. असल्या ठिकाणीं ‘एका मिनिटाच्या आंत’ एवढेंच स्वीकारून थांबावें. प्रेक्षकांच्या संख्येबाबतही हीच सावधगिरी इष्ट. बखरींतल्या फौजांप्रमाणें दंगलींतले प्रेक्षकही प्रत्येक सांगणाऱ्यागणिक वाढत जातात.

लोकांनीं १९२८ ची कुस्ती डोक्यावर घेतली व १९१० ची विसरली, याचें कारण उघड आहे. एक विजेसारखी झाली, दुसरी रटाळ. परंतु पुराव्याच्या दृष्टीनें आम्ही रटाळ कुस्तीस अधिक मोल देतों. १९२८ सालीं दोघेही पन्नाशीच्या जवळ आलेले होते, भूमि झिबिस्कोस परकी होती, व पूर्वींच्या भेटीस सतरा वर्षें उलटून गेलीं होतीं. त्या दिवशीं गामा वरचढ होता एवढें त्यावरून ठरतें. दोघे भरांत असतां काय होतें, हें १९१० च्या त्या कंटाळवाण्या अडीच तासांवरूनच कळतें.

६. येथें एक आक्षेप विचारांत घेणें अवश्य आहे. पाश्चात्य धंदेवाईक कुस्त्यांचे निकाल पुष्कळदां आधीं ठरलेले असत. मग या दोन कुस्त्या तरी खऱ्या कशावरून? आक्षेप पोकळ नाहीं. खुद्द झिबिस्को हा त्या धंद्यांतला मुरलेला माणूस. १५ एप्रिल १९२५ रोजीं फिलाडेल्फिया येथें वेन मन यास जिंकूं द्यावयाचें ठरलें असतां त्यानें बेत मोडून मनास खरोखर चीत केलें व जगज्जेतेपद हिसकावून घेतलें, हें प्रकरण प्रसिद्ध आहे. ज्या धंद्यांत ठरलेलें मोडणें हीच मोठी वार्ता होते, तेथें ठरविण्याची वहिवाट किती रुळली होती हें वेगळें सांगावयास नको.

अशा स्थितींत दस्तऐवजांची एक जुनी कसोटी उपयोगी पडते: जी नोंद लिहिणाऱ्याच्या सोयीची नाहीं ती बहुधा खरी असते. ठरवून केलेली कुस्ती पैसे देणाऱ्यांस रिझविण्यासाठीं असते. तींत चढउतार असतात, पडणारा अनेकदां सांवरतो, व शेवट उत्कंठेच्या टोंकावर येतो. १९१० च्या कुस्तींत यांतलें कांहींच नाहीं. तिनें प्रेक्षक चिडले, झिबिस्कोची अब्रू गेली, गामास निर्विवाद जय मिळाला नाहीं. असा प्रयोग कोणता चालक रचील? १९२८ चीही गोष्ट निराळी नाहीं. परदेशांतून मल्ल आणवून, एवढा थाट करून, लोक सरसावून बसतात न बसतात तोंच खेळ संपावा, असें यजमान कशाला ठरवील? हें गणिती प्रमाण नव्हे, संभवाचें अनुमान आहे. पण इतिहासांत आपण पुष्कळ ठिकाणीं एवढ्यावरच उभे असतों.

७. कोणी म्हणेल, चित्रफीत असती तर हा खल करावा लागला नसता. तसें आम्हांस वाटत नाहीं. ३० जानेवारी १९२० रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें जो स्टेकर व अर्ल कॅडॉक यांची कुस्ती झाली, तिची मूक चित्रफीत अंशतः उपलब्ध आहे. कुस्ती चालली २ तास ५ मिनिटें. फितींत उरलेला भाग त्यापुढें थोडका आहे. म्हणजे तीही त्रुटित पोथीच ठरते. गळलेल्या भागांत काय झालें यासाठीं वृत्तपत्रांकडेच वळावें लागतें, आणि दोघे खरे लढत होते कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहूनही वादग्रस्तच राहतें.

८. महाराष्ट्राचा या विषयाशीं जवळचा संबंध आहे. १९०२ सालच्या युरोपच्या प्रवासांत रोमचें प्राचीन क्रीडागार पाहून आलेल्या शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरास खासबाग मैदान बांधविलें. तें १९१२ सालीं खुलें झालें. लंडनास गेलेला इमाम बक्ष त्याच मैदानांत गुलाम मोहिद्दीनाशीं लढला व जिंकला. निकाल कोल्हापुरांत ठाऊक आहे. परंतु हौद्यांत त्या दिवशीं डावामागून डाव कसा पडला, याचें टिपण कोणाच्या संग्रहीं असेल तर तें छापून निघणें अगत्याचें आहे. पतियाळा संस्थान १९४८ सालीं व कोल्हापूर १९४९ सालीं विलीन झालें. १९४७ च्या फाळणीनंतर गामाचें घर लाहोरास राहिलें व तेथेंच १९६० सालीं तो वारला. ज्या दरबारांनीं मल्ल पोसले त्यांचे जमाखर्च आज दप्तरांत पडून आहेत; ज्या तालमींनीं ते घडविले त्यांचीं जुनीं पत्रें, दंगलींचीं हस्तपत्रकें, इनामाच्या याद्या, वस्तादांच्या वह्या हीं मात्र घरोघर वाळवीच्या तोंडीं जात आहेत.

संग्राहकांची दृष्टि सनदा व पोथ्यांवर असते, तें योग्यच आहे. परंतु रुमाल सोडतांना खुराकाची एखादी मोडी यादी किंवा कुस्तीच्या दिवसाचा एखादा चिटोरा निघाल्यास तो टाकून देऊं नये. त्यावर तारीख, जोड व वेळ एवढें जरी असलें तरी पुरे आहे. गामाचा मोठेपणा कथेवर अवलंबून नाहीं, हें वरील छाननीवरून दिसून येईलच. ज्या मल्लांचा एकही कागद उरला नाहीं, त्यांच्याविषयीं आपणांस असें बोलतां येत नाहीं.