काठीची मान

मामासाठी अमेरिकेहून आणलेली गोल्फची बॅग आम्ही उघडली, तेव्हा मला परत येऊन बारा दिवस झाले होते. रिलीज होता, मग मामाला ताप होता, मग पुन्हा रिलीज. सेट वापरलेला होता, पण चांगला. मामा लहानपणी पुण्यातल्या एका मैदानावर कॅडी होता, म्हणजे साहेब लोकांच्या बॅगा वाहायचा. आता तिथल्याच पोरांना शिकवतो. इतक्या वर्षांत स्वतःचा पूर्ण सेट हा पहिलाच.

त्याने सगळ्यात लांब काठी, ड्रायव्हर, बाहेर काढली. मला ती नव्यासारखी दिसत होती. मामाने डोकं आणि दांडा जिथे जुळतात तिथे अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मान गेलीय हिची." मी म्हटलं, कुठे काय? त्याने हलकासा दाब दिला. कट्ट असा आवाज झाला आणि डोकं त्याच्या हातात आलं.

विमान कंपनीला मेल केला. सभ्य भाषेत उत्तर आलं की सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांच्या आत करावी लागते. नियम खराच आहे, मी वाचून पाहिला. मामा मला काही बोलला नाही. एवढंच विचारलं, "कशात घालून आणलीस?" पावसाचं कव्हर घातलं होतं आणि एअरपोर्टवर वरून प्लॅस्टिक गुंडाळून घेतलं होतं. हे सांगताना माझं मलाच कसंतरी झालं. मग एखादा बग मुळापर्यंत शोधावा तसा मी या 'कशात'च्या मागे लागलो.

गोल्फच्या काठीची मान पहिल्यापासून नाजूक. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याने १५०२ साली पर्थ गावात काठ्या विकत घेतल्याची नोंद आहे, आणि त्या घेतल्या धनुष्यं बनवणाऱ्या कारागिराकडून. लवचिक लाकडाची जाण त्यालाच असणार. पुढची तीनेकशे वर्षं डोकं एका लाकडाचं आणि दांडा दुसऱ्या लाकडाचा असे. दोन्ही तिरके तासून, सरसाने चिकटवून, वरून डांबर लावलेल्या दोऱ्याने घट्ट आवळत. तोच सांधा आमच्या घरी मोडला, फक्त लाकडाच्या जागी कार्बन फायबर आणि सरसाच्या जागी इपॉक्सी.

गंमत म्हणजे इतकी नाजूक वस्तू ठेवायला बॅगसुद्धा नव्हती. कॅडी सगळ्या काठ्या काखेत धरून चालायचा. कॅनव्हासच्या बॅगा आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. तोवर काठीचं संरक्षण म्हणजे एका माणसाची काख, आणि तो माणूस कोण ते मालकाला ठाऊक असे. मोडली तर कुणाला शिव्या घालायच्या, हाही प्रश्न नव्हता. (मामाने खाल्लेल्या शिव्यांचा इतिहास कुणी लिहिलेला नाही.)

मग खेळ दूरच्या प्रवासाला निघाला. कलकत्त्यात १८२९ मध्ये गोल्फ क्लब निघाला, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. मुंबईत १८४२ मध्ये. सुएझ कालवा व्हायचा होता, म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून महिनोन् महिने समुद्रावर. पुढे बोटी वेगवान झाल्या. १९२७ मध्ये पहिल्या रायडर कपसाठी ब्रिटिश संघ 'अ‍ॅक्विटेनिया' जहाजाने अमेरिकेला गेला आणि सपाटून हरला. या खेळाडूंच्या काठ्या हिकरी लाकडाच्या. हिकरीचा प्रत्येक दांडा वेगळा वाकतो, वेगळा पिळतो, त्यामुळे हाताला बसणाऱ्या काठ्या एकेक करून जमवायला वर्षं जात. बॉबी जोन्सने १९३० साली तेव्हाच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीनेच. त्यातली एखादी मोडली असती, तर तशीच दुसरी दुकानात मिळाली नसती.

माझ्या मते या गोष्टीचं वळण १९२९ मध्ये आहे. त्या वर्षी सेंट अँड्रूजच्या नियमकर्त्यांनी पोलादी दांड्याला मान्यता दिली. पोलादामुळे एकाच मापाच्या हजारो काठ्या बनू लागल्या, काठ्यांना नावांऐवजी नंबर पडले आणि मोडलेलीच्या जागी दुसरी मिळू लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉर्सात आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीचा करार झाला. सामान हरवलं किंवा फुटलं तर कंपनीची जबाबदारी किती? त्याचं उत्तर वजनावर ठरलं, किलोला २५० सोन्याचे फ्रँक. पुढे अनेक वर्षं तिकिटांवर हा आकडा किलोला सुमारे २० डॉलर असा छापलेला असे.

आता हिशेब करा. पंधरा किलोची गोल्फ बॅग म्हणजे जास्तीत जास्त ३०० डॉलर. १९७०च्या सुमारास ग्रॅफाइटचे, म्हणजे कार्बन फायबरचे दांडे आले. काठी हलकी झाली आणि महागही. आजचा ड्रायव्हर साधारण ३०० ग्रॅमचा असतो. वजनाने त्याच्या वाट्याला येतात ६ डॉलर! काठी जितकी पुढारलेली, तितकी कायद्याच्या तराजूत स्वस्त. हे कोणी मुद्दाम केलं नव्हतं. पण कोडमध्ये एखादं गृहीतक रुतून बसावं तसं ते बसलं, आणि १९९९च्या माँट्रियल करारात जाऊन बदललं. आता मर्यादा किलोवर नाही, प्रवाशामागे आहे: १,५१९ एसडीआर, म्हणजे नाणेनिधीच्या हिशेबी चलनात. सात दिवसांची अटही त्याच करारातली.

कार्बन फायबरची दुसरी खोड जास्त वाईट. पोलाद वाकतं, ते दिसतं. हिकरीला चीर जाते, तीही दिसते. कार्बन फायबरचे थर आतल्या आत सुटतात, वरचा रंग तसाच चकचकीत राहतो आणि पुढच्या फटक्याला दांडा तुटतो. म्हणून मला काही दिसलं नाही. मामाच्या अंगठ्याला कसं कळलं, ते अजून कळलेलं नाही.

या दोन खोडी लक्षात घेतल्या की केस निवडणं बरंच सोपं होतं. लोक कडक की मऊ यावर वाद घालतात. कडक कवच वर पडणाऱ्या सुटकेसांचा भार झेलतं, पण स्वतःच इतकं जड असतं की २३ किलोच्या मर्यादेत जीव मेटाकुटीला येतो, आणि टॅक्सीच्या डिकीत मावत नाही ते वेगळंच. शिवाय आत काठ्या मोकळ्या असल्या तर कवच शाबूत राहून माना मोडतात. मऊ केसचा खरा शत्रू म्हणजे डोक्याकडून खाली पडणं. त्यावरचा उपाय मला फार आवडला. ड्रायव्हरपेक्षा इंच-दोन इंच उंच असा एक दांडा बॅगेत मधोमध उभा करायचा. बॅग उलटी आपटली की आधी तो टेकतो, मार तो खातो. काही मजबूत करायचं नाही, फक्त एकाला सगळ्यांपेक्षा उंच ठेवायचं. जाड फोम, टीएसए कुलपं, चार चाकं हे सगळं त्यानंतर. आणि डोक्यांच्या मधे जुने टॉवेल कोंबायचे, त्याला पैसे पडत नाहीत.

२००८ पासून नियमांनी ड्रायव्हरमध्ये जुळवाजुळव करायची मुभा दिली, त्यामुळे हल्लीच्या अनेक ड्रायव्हरची डोकी स्क्रू काढून वेगळी करता येतात. मान मोडू नये म्हणून मान आधीच सोडवून ठेवायची. ही युक्ती त्याआधी एकाने वापरली होती. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४चा कमांडर अ‍ॅलन शेपर्ड सहा नंबरच्या काठीचं नुसतं डोकं मोज्यात घालून चंद्रावर घेऊन गेला आणि तिथे ते माती गोळा करायच्या घडीच्या दांड्याला बसवून त्याने चेंडू मारले. एक गेला २४ यार्ड, दुसरा ४०. डोकं शाबूत परत आलं.

आमच्याही ड्रायव्हरचं डोकं शाबूत होतं. मामाने त्यात उरलेला तुकडा गरम करून काढला, आणि नवा दांडा महिन्याने मिळाला. पुढच्या डिसेंबरात मामा पोरांना घेऊन कोलकात्याला जाणार आहे, विमानाने. मी त्याला मधल्या दांड्याची केस घेऊन दिली. त्याने टेपने ड्रायव्हर मोजला, दांडा मोजला, दोन इंच वर आहे हे पुन्हा एकदा बघितलं. मग माझ्या कपाटातून लोकरीचे मोजे मागून घेतले, आणि विचारलं, "आणि बॅग काउंटरवर दिल्यावर ती कोण उचलतं रे?"