बाकडें, पडदा आणि आकाशयान

राजापूर तालुक्यांत आडिवरें नांवाचें गांव आहे. तेथील महाकालीचें देवस्थान कोंकणांत सर्वपरिचित. परंतु याच गांवच्या श्यामजी नाईक काळे यांचें नांव रंगभूमीच्या अभ्यासकांबाहेर फारसें कोणी घेत नाहीं. दशावतारी खेळ कर्नाटकांतून 1728 च्या सुमारास यांनींच कोंकणांत आणला, असें परंपरा सांगते. सनावळीचा वाद पंडितांनीं खुशाल घालावा. विष्णुदास भावे यांच्या 1843 च्या 'सीतास्वयंवरा'विषयीं बोलतांना या जुन्या खेळाची आठवण ठेवावी लागते, एवढें खरें.

या खेळाचें सामान तें किती! एक पडदा, एक लांकडी बाकडें, मृदंग, झांज आणि पुढील काळांत पायपेटी. राजा बसला कीं बाकडें सिंहासन होतें, योद्धा चढला कीं रथ होतो. आरंभींच्या आडदशावतारांत वेद पळविणारा संकासुर नखशिखांत काळ्या वेषांत येतो आणि ठेवणींतल्या कोट्या करून लोकांस हंसवितो. विष्णूच्या हातून त्याचा वध व्हावयाचा. पण समुद्र कोठेंच दिसत नाहीं आणि तो कोणी मागतही नाहीं. संवाद लिहिलेले नसतात. कथा ठाऊक असते, शब्द नटानें जागच्या जागीं घडवावयाचे. मासा, कांसव, वराह, नरसिंह अशीं रूपें पालटूनही देव तोच, हा प्रेक्षकांशीं झालेला मूळ करार.

हाच करार पुढें फार दूर देशीं, अगदीं निराळ्या कारणानें झाला. बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर 23 नोव्हेंबर 1963 रोजीं 'डॉक्टर हू' ही विज्ञानकल्पित मालिका सुरू झाली. मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृति ढांसळली आणि 1966 सालीं त्यांनीं भूमिका सोडली. मालिका बंद न करतां लेखकांनीं नायकालाच नवें शरीर दिलें: पडद्यावर एक चेहरा लख्ख प्रकाशांत विरला व त्या जागीं दुसरा उमटला. युक्ति साधी, पण तिला कथेनें अर्थ दिल्यामुळें मालिकेस आयुष्य लाभलें. मधल्या खंडानंतर 2005 सालीं ती पुन्हां सुरू झाली. दशावताराच्या प्रेक्षकास यांत नवल वाटलें नसतें.

त्याच 1966 सालीं अमेरिकेंत 'स्टार ट्रेक' निघाली. दर आठवड्यास यान नव्या ग्रहावर उतरवून दाखविणें खर्चाचें. म्हणून माणसें चमचमत अदृश्य व्हावींत आणि ग्रहावर प्रकटावींत अशी योजना झाली. ती चमक प्रखर उजेडांत उधळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भुकटीची! पैशाच्या टंचाईंतून निघालेली ही तोड मालिकेची ओळख होऊन बसली. बाकड्याचें सिंहासन होतें तें याच न्यायानें.

आपल्याकडे या विद्येचे आद्य उपासक दादासाहेब फाळके. 1912 च्या सुमारास त्यांनीं वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्यानें टिपून ती कांहीं क्षणांत डोळ्यांपुढें उभी केली. 1917 च्या 'लंकादहना'चें यश सर्वश्रुतच आहे. दूरदर्शनवर 1998 सालीं केतन मेहता यांची 'कॅप्टन व्योम' आली. संगणकानें रेखिलेलीं तिच्यांतील अवकाशयानें त्या काळीं अपूर्व वाटलीं. आजच्या मुलांस तीं खेळण्यांसारखीं वाटावींत. चमत्काराचें यंत्र असें लौकर शिळें होतें. बाकडें मात्र होत नाहीं, कारण तें कधीं खरें असल्याचा दावाच करीत नाहीं.

दशावतार आज राजापूरच्या दक्षिणेस, सिंधुदुर्ग जिल्ह्यांत अधिक नांदतो. राजापूरकडील नमन-खेळ्यांत संकासुर अद्याप नाचतो. दशावताराच्या जाहिरातींवर आतां 'ट्रिकसीनयुक्त' हा शब्द झळकतो. धूर येतो, रंगीत दिवे फिरतात. यावर नाक मुरडणें न्यायाचें नव्हे. जत्रेस आलेल्या माणसाला अद्भुताची ओढ पूर्वींही होतीच, आणि मंडळींस पोट आहे. परंतु धूर पसरेपर्यंत नटास गप्प उभें राहावें लागतें, आणि ज्या उत्स्फूर्त वादासाठीं माणसें पहाटेच्या दहिकाल्यापर्यंत जागत, तो तेवढ्यापुरता थांबतो. नवख्या नटास हें थांबणें सोयीचें वाटूं लागलें, तर पुढें धूर नसलेल्या रात्रीं त्याच्यापाशीं बोलावयास काय उरेल, हा प्रश्न मंडळींपुढें आहे.