कोळंबीसारखी वाकलेली पाठ

सातपाटीच्या बाजारात कोळंबी पाहिलेल्या मुलाला तिचा आकार सांगावा लागत नाही. सिझेरियनसाठी कण्यात भूल देताना आईला जवळजवळ तसेच वाकवतात. हनुवटी छातीशी, गुडघे पोटाकडे आणि पाठ बाहेर. मग ती बसलेली असो वा कुशीवर निजलेली. हे कशासाठी?

पाठीमागे हात लावला की मणक्यांची टोके लागतात. पाठ वाकली की या टोकांमधील फटी रुंदावतात आणि सुईला वाट मिळते. मज्जारज्जू बहुधा कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, म्हणून सुई त्याच्या खाली टोचतात. पोट मोठे असल्याने गरोदर स्त्रीला पुरते वाकता येत नाही. त्यामुळे खांदे धरून आधार देणारे माणूस महत्त्वाचे ठरते.

१६ ऑगस्ट १८९८ रोजी जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बिअर यांनी एका मजुराच्या पायाच्या शस्त्रक्रियेसाठी अशी भूल दिली. औषध होते कोकेन. आठच दिवसांनी बिअर व त्यांचे साहाय्यक हिल्डेब्रांट यांनी स्वतःवरच प्रयोग केले. दोघांचीही डोकी भयंकर दुखली. १९०० साली बाझेल येथे ऑस्कर क्राइस यांनी प्रसूतिवेदनांसाठी ही पद्धत वापरली.

पण टोचलेले औषध कण्यात कुठवर जाईल? १९०७ मध्ये लंडनचे आर्थर बार्कर यांनी त्यात ग्लुकोज मिसळून ते मेरुद्रवापेक्षा जड केले. जड द्रव उताराकडे जातो. उताणे निजले की कमरेचा भाग उंचवटा होतो आणि छातीमागचा भाग खळगा. म्हणून आईला लगेच निजवले, तर औषध वर छातीपर्यंत पोचते. बराच वेळ बसवून ठेवले, तर ते खालीच साचते. हे वर्गात दाखवता येते. लांब परीक्षानळीत पाणी घ्या, ड्रॉपरने रंगीत साखरपाणी तळाशी सोडा आणि नळी हळूहळू आडवी करून पाहा.

आता दुसरा धोका. पूर्ण दिवस भरलेले गर्भाशय उताण्या आईच्या अधोमहाशिरेवर दाब देते. हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि रक्तदाब उतरतो. हे १९५३ मध्ये नोंदवले गेले. कण्यातील भुलेने रक्तवाहिन्या सैलावत असल्याने दाब आणखी घसरतो आणि बाळाला कमी रक्त पोचते. महाशीर उजवीकडे असते, म्हणून उजव्या कुल्ल्याखाली उशी देऊन आईला १५ अंश डावीकडे कलवण्याची पद्धत १९७० च्या दशकात रूढ झाली.

२०१५ च्या एमआरआय अभ्यासात मात्र असे दिसले की १५ अंशांनी शिरेवरचा दाब फारसा उतरत नाही. ३० अंशांनी उतरतो. पण इतक्या तिरक्या टेबलावर शस्त्रक्रिया अवघड जाते. म्हणून आज कल देण्याबरोबरच रक्तदाब सांभाळणारी औषधेही देतात. विज्ञानात रूढ झालेली गोष्टही पुन्हा मोजून पाहावी लागते, हे आपण विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.