नाणेघाटाचा लेख व फांगण्याची पाटी

कल्याणहून मुरबाडमार्गें माळशेज घाटाकडे जाणारा प्रवासी वैशाखऱ्याच्या आसपास आला म्हणजे उजव्या हातास सह्याद्रीच्या उभ्या भिंतींत एक खिंड त्याच्या दृष्टीस पडते. हाच नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वीं कोंकणच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेनें जुन्नरकडे चढत असे. घाटमाथ्यावरील लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत एक विस्तृत लेख कोरलेला आहे. १८२८ सालीं विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याकडे विद्वानांचें लक्ष वेधलें, आणि तेव्हांपासून महाराष्ट्राचा प्राचीन इतिहास सांगूं पाहणाऱ्या प्रत्येकास या लेखापाशीं थांबावें लागलें आहे. हा लेख एका स्त्रीचा आहे.

सातवाहन कुळांतील पहिला सातकर्णि याची राणी नागनिका हिनें, इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत, या कुळानें केलेल्या यज्ञांची व त्यांत दिलेल्या गाई, घोडे, नाणीं इत्यादि दक्षिणेची नोंद येथें करविली, असें बहुतेक संशोधक मानतात. महिनामहिना उपवास करणारी व घरांत राहून तपस्व्याचें जीवन जगणारी असें तिचें वर्णन लेखांत आहे. त्यावरून ती त्या वेळीं विधवा असून अज्ञान पुत्राच्या वतीनें राज्यकारभार पाहत असावी, असें अनुमान काढण्यांत येतें. लेण्याच्या मागच्या भिंतीस राजकुळांतील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या आतां नाहींशा झाल्या. पावलांचे थोडे अवशेष व वर कोरलेलीं नांवें तेवढीं राहिलीं. त्यांत एके ठिकाणीं राजा व राणी यांचीं नांवें एकत्र आलीं आहेत, आणि तेथें आधीं राणीचें नांव आहे, मग राजाचें.

आतां घाट उतरून मुरबाड तालुक्यांतीलच फांगणें या गांवीं येऊं. ८ मार्च २०१६ रोजीं येथें एक शाळा उघडली, आणि तिच्या विद्यार्थिनी साठीपासून नव्वदीपर्यंतच्या होत्या. गांवांत पोथीचें वाचन चालत असतां, आपणांसही वाचतां आलें असतें तर किती बरें झालें असतें, अशी इच्छा कांहीं वृद्ध स्त्रियांनीं बोलून दाखविली; जिल्हा परिषदेच्या शाळेंतील शिक्षक योगेंद्र बांगर यांनीं ती मनावर घेतली, आणि मोतीराम दलाल यांच्या नांवाच्या धर्मादाय संस्थेचें त्यांस साहाय्य मिळालें. गुलाबी लुगडें हा गणवेष, खांद्यास दप्तर, हातीं पाटी. वेळ दुपारीं दोन ते चार, म्हणजे घरचीं व शेतावरचीं कामें उरकल्यावरची. शिकविणारी गांवचीच एक सून. तिच्या विद्यार्थिनींत तिची स्वतःची सासू. ज्यांनीं कागदावर जन्मभर अंगठा उठविला, त्या स्त्रिया उतारवयांत आपलें नांव लिहूं लागल्या. ‘आजीबाईंची शाळा’ या नांवानें ती पुढें देशोदेशीं प्रसिद्ध झाली.

एकाच घाटाच्या माथ्यावर राणीचें नांव दगडांत कोरलेलें, आणि पायथ्याच्या मुलखांत त्यानंतर दोन हजार वर्षांनीं नांवाचीं पहिलीं अक्षरें पाटीवर उमटतात, या दोन गोष्टींचा अर्थ कसा लावावा? प्राचीन काळीं सर्व स्त्रिया विदुषी होत्या व पुढें त्यांची अधोगति झाली, असें एक गोड उत्तर आपल्याकडे नेहमीं तयार असतें. तें खरें नव्हे. राणीनें लेख कोरविला म्हणून तिच्या राज्यांतील मोळीविकी साक्षर ठरत नाहीं. या घाटानें डोक्यावर ओझें घेऊन ज्या स्त्रिया चढल्या असतील, त्यांपैकीं एकीचेंही नांव त्या भिंतीवर नाहीं. राणीस जें मिळालें तें राणीपदामुळें मिळालें.

तथापि त्या लेखाचा एक उपयोग निःसंशय आहे. स्त्रियांच्या नित्याच्या अवहेलनेचें समर्थन ज्या एका वाक्यानें होतें तें वाक्य म्हणजे ‘हें असेंच चालत आलें आहे’. इतिहास त्यास उत्तर देतो कीं, हें असेंच चालत आलेलें नाहीं. विधवेचें दर्शन अशुभ मानणारी रूढि ज्या भूमींत पुढें बोकाळली, त्याच भूमीच्या पहिल्या मोठ्या लेखांत एक विधवा राणी आपण केलेल्या धर्मकार्याचा हिशेब अभिमानानें देते. सातवाहन राजे पुढें गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र असें आईच्या गोत्राचें नांव स्वतःच्या नांवापुढें लावीत. राज्य बापाकडूनच मुलाकडे जाई, हें खरें. पण आईचें नांव लावल्यानें पुरुषार्थास उणेपणा येतो असें त्यांस वाटलें नाहीं. महाराष्ट्र सरकारनें १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नांवानंतर आईचें नांव घालणें आवश्यक केलें, तेव्हां अनेकांस तो नव्या काळाचा चाळा वाटला. त्यांनीं एकवार नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीचा लेख आठवावा.

मोठे अन्याय कायद्यानें मोडतां येतात. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा झाला. १९२९ चा बालविवाहप्रतिबंधक कायदा झाला. परंतु पंक्तीला शेवटीं कोणी बसावें, पाहुण्यांसमोर कोणी बोलावें, मुलीचा दाखला काढावयाचा कीं मुलाचा, यांविषयीं कोणत्याही कायद्यांत कलम नाहीं. हा अन्याय इतका बारीक व इतका रोजचा कीं, करणारास तो दिसत नाहीं आणि सोसणारीस सांगतां येत नाहीं. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणी वाचाव्या. शिकविणारा पति न्यायमूर्ति रानड्यांसारखा. तरी घरांतील वडील बायकांचे टोमणे व अबोला यांतून त्या मुलीस वाट काढावी लागली. तो छळ कोणत्याही न्यायासनापुढें नेण्यासारखा नव्हता.

या रोजच्या अन्यायास शब्दांत पकडणारी पहिली मराठी लेखिका बुलढाण्याची ताराबाई शिंदे. सुरतेस १८८१ सालीं एका ब्राह्मण विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला आणि वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीकेचा भडिमार सुरू झाला. ताराबाईंनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून त्यास उत्तर दिलें. त्यांची पद्धति साधी होती. स्त्रियांच्या माथीं मारलेला एकेक दुर्गुण घ्यावा आणि विचारावें, हा पुरुषांत नाहीं काय? जोतीराव फुले यांनीं १८८५ सालीं ‘सत्सार’मध्यें त्यांची बाजू घेतली, बाकी बहुतेकांनीं तें पुस्तक विसरून जाणें पसंत केलें, आणि १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं पुनः छापीपर्यंत तें विस्मृतींत पडलें. तरी त्यांचा प्रश्न आजही कोणासही विचारतां येतो.

तो प्रश्न मुरबाडच्या शेजारच्या शहापूर तालुक्यांत विचारून पाहूं. मुंबईकरांच्या नळास येणारें पाणी बऱ्याच अंशीं याच तालुक्यांतून जातें. तानसा तलावाचें काम १८९२ सालीं पुरें झालें. पुढें भातसा धरणाची त्यांत भर पडली. पावसाळ्यांत येथील डोंगरांवर पाणी मावत नाहीं, आणि चैत्रवैशाखांत त्याच डोंगरांवरील पाड्यांच्या विहिरी आटून पाण्याचा टँकर येण्याची वाट पाहावी लागते. पाणी शहरास देणें व जवळच्या वाडीस न मिळणें हा राज्यकारभाराचा दोष झाला. पण वाडीवर पाणी नाहीं म्हणून तें आणावयाचें कोणी, हें कोणत्या सरकारनें ठरविलें? पंधरा लिटर पाण्याची एक घागर म्हणजे पंधरा किलो वजन. अशा दोन घागरी डोक्यावर व एक कमरेवर घेऊन चढण चढण्याचें सामर्थ्य जिच्यांत आहे तिला ‘अबला’ म्हणावें, आणि घरच्या धट्ट्याकट्ट्या पुरुषानें घागर उचलली तर गांवानें हसावें! ही समजूत कोणत्या थरास जाते हें २०१५ च्या सुमारास जगानें वाचलें. या तालुक्यांतील डेंगणमाळ या वाडीविषयीं बातम्या आल्या कीं, केवळ पाणी आणण्यासाठीं म्हणून तेथें कांहीं पुरुष दुसरी, तिसरी बायको करतात. आणि ती बहुधा विधवा किंवा टाकलेली, आश्रयाची गरज असलेली अशी असते.

शहरांतील सुशिक्षित वाचक या बातमीनें चकित झाला. परंतु त्यानें आपल्या घरांत पाहावें. डेंगणमाळांत जो विचार उघडा दिसला तोच आमच्या दिवाणखान्यांत झांकलेला असतो. पाणी नळानें आलें, पण पाहुण्यापुढें पेला मुलगीच नेते, मुलगा नेत नाहीं. दोघेंही कचेरींतून सहा वाजतां परततात. एक वर्तमानपत्र उघडतो व दुसरी पदर खोंचते. पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांस राखून ठेवण्याचा कायदा महाराष्ट्रांत २०११ सालीं झाला. तरी ‘सरपंचपति’ हा शब्द खेड्यांत रूढ झाला, आणि बाई सही करते व बोलतो नवरा, या स्थितीवर शहरांत विनोद झाले. विनोद करणारांपैकीं कितीजण घर घेतांना दस्तऐवजावर पत्नीचें नांव घालतात आणि व्यवहाराची बोलणीं करतांना तिला विचारतात?

मग उपाय कोणता? येथें फांगण्याचा अनुभव उपयोगी पडतो. तेथें कोणी मोर्चा काढला नाहीं. आजीस आतां शिकून काय करावयाचें आहे, हा विचार सर्वांच्याच अंगवळणीं पडला होता. एका पोथीच्या निमित्तानें इच्छा बोलून दाखविली गेली आणि ती ऐकणाराने हंसण्यावारी नेली नाहीं. पहिला उपाय हाच. घरांतील स्त्री सहज म्हणून जें बोलते तें ऐकून घ्यावें. दुसरें, शाळेची वेळ त्यांच्या कामाच्या घड्याळाप्रमाणें ठरली. ‘आम्ही संधि दिली, तीच येत नाहीं’ असें म्हणणारे बहुधा संधि अशा वेळीं देतात कीं, तेव्हां चुलीवर भात असतो. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. रमाबाईंच्या घरीं वडील स्त्रियांनीं धाकटीच्या हातांतील पुस्तकास विरोध केला. फांगण्यास सुनेनें सासूचा हात धरून अक्षर गिरवून घेतलें. आपण सोसलें म्हणून पुढचीनेंही सोसावें, ही साखळी कोणत्याही कायद्यास तोडतां आली नसती. ती त्या दोघींनीं तोडली.

१९५१ च्या शिरगणतींत भारतांतील स्त्रियांपैकीं शेंकडा नऊच साक्षर होत्या; २०११ सालीं शेंकडा चौसष्टांवर गेल्या. ही मजल लहान नव्हे. परंतु जो मुलगा आईस लिहितां येतें हें पाहतो, पण बाप कधीं ताट उचलीत नाहीं हेंही पाहतो, तो कोणता धडा घेऊन मोठा होईल? धडा रोज दिला जातो, म्हणून तो बदलावयाचा तर रोजच बदलला पाहिजे. बायकांच्या बुद्धीविषयीं केलेल्या थट्टेला हंसूं नये. ‘हें बाईचें काम’ असें कोणी म्हटल्यास ‘कां?’ म्हणून शांतपणें विचारावें. आणि विचारून झाल्यावर तें काम स्वतः उठून करावें. या तीन गोष्टींस पैसा लागत नाहीं, सरकारचा ठराव लागत नाहीं, आणि उद्यांपर्यंत थांबावेंही लागत नाहीं.

नागनिकेचा लेख एकदां कोरला गेला आणि राहिला. पाटीवरचें अक्षर पुसतें. फांगण्याच्या आजीबाईंस तें पुनः पुनः गिरवावें लागतें, हात कांपला तरी. आमच्या घरांतील समता याच दुसऱ्या प्रकारची आहे, हें ओळखून आम्ही वागूं तर नव्वदीच्या एखाद्या आजीस पाटी हातीं घेण्याची पाळी पुनः येणार नाहीं.